क्लबाच्या दाराबाहेरचीं पात्रें

अँथनी ट्रॉलपच्या आत्मचरित्रांत एक लहानसा प्रसंग आहे. लंडनच्या अथीनियम क्लबांतील लांबलचक दिवाणखान्याच्या एका टोकाला तो एका सकाळीं लिहीत बसला होता. इतक्यांत दोन पाद्री आंत आले, शेगडीच्या दोन बाजूंना बसले, आणि हातांतील मासिकांवरून ट्रॉलपच्याच कादंबऱ्यांची हजेरी घेऊं लागले. तींच तींच पात्रें हा गृहस्थ किती वेळां पुढें आणणार, असा त्यांचा आक्षेप होता. आणि त्या पात्रांपैकीं बिशपची बायको मिसेस प्राउडी हिच्यावर त्यांचा विशेष रोष होता. ट्रॉलपला स्वस्थ बसवेना. तो उठला, त्या दोघांच्या मध्यें जाऊन उभा राहिला, अपराधी आपणच असें त्यानें सांगून टाकलें, आणि या आठवड्याच्या आंत मिसेस प्राउडीला मारून टाकतों, असें वचन दिलें. वचन त्यानें पाळलें. १८६७ सालीं पुऱ्या झालेल्या 'दि लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट' या कादंबरींत मिसेस प्राउडी आपल्या खोलींत, पलंगाच्या खांबाला धरून, उभ्याउभ्याच मरण पावते.

ही हकीकत बहुधा गंमत म्हणून सांगितली जाते, आणि ती गमतीची आहेहि. पण हा निकाल कोणत्या न्यायसभेंत लागला, इकडे वाचकांनीं थोडें लक्ष द्यावें. आरोपी एक स्त्री. फिर्यादी दोन पाद्री. न्यायाधीश तिचा जन्मदाता. आणि जागा अशी कीं, तेथें कोणत्याहि स्त्रीला सभासद या नात्यानें त्या काळीं बसतां आलें नसतें. मिसेस प्राउडी ही आहे तरी कोण? 'बार्चेस्टर टॉवर्स' (१८५७) पासून वाचक तिला ओळखतो. बिशप नवरा, पण कारभार हिचा. चर्चच्या व्यवस्थेंत बिशपच्या बायकोला कसलेंहि पद नव्हतें. सत्ता म्हणून जी मिळावयाची ती नवऱ्याच्या पाठीमागून, जेवणाच्या टेबलावरून आणि शयनगृहांतून. पुरुषांच्या संस्थेंत मागील दारानें शिरलेली ही बाई आहे. ती कजाग आहे, तिची धर्मनिष्ठा दुसऱ्याला छळण्यापुरती आहे, हें सर्व कबूल. परंतु ज्या बिशपवर ती अंमल गाजविते त्याच्याहून ती शतपटीनें जिवंत आहे. दोघां पाद्र्यांना नेमका तिचाच राग यावा हें स्वाभाविकच होतें. ट्रॉलपला मात्र मागाहून हळहळ वाटली. तिला मारल्याचा आपणांस कधीं कधीं पश्चात्ताप होतो, आणि तिच्या भुताच्या सहवासांत आपण अजून वावरतों, अशा अर्थाचें त्यानें लिहून ठेवलें आहे. लेखकाच्या मनांतून कधींच न गेलेलें पात्र पुस्तकांतून गेलें, तें शेगडीजवळच्या चार वाक्यांमुळें.

लंडनचे हे क्लब म्हणजे आपल्याकडे संध्याकाळीं पत्ते व टेनिस खेळण्यासाठीं काढलेले क्लब नव्हेत. तेथें जेवणघर असतें, ग्रंथालय असतें, वर्तमानपत्रें असतात, पत्रें लिहिण्याची सोय असते, रात्रीं राहण्यास खोल्या असतात. सभासद होण्यासाठीं कोणी तरी नांव सुचवावें लागतें, आणि पेटींत काळी गोळी पडली कीं, उमेदवार बाहेरच राहतो. थोडक्यांत, बायको नसलेलें घर असें त्याचें वर्णन केल्यास चूक होणार नाहीं. अथीनियम १८२४ सालीं स्थापन झाला. लेखक, शास्त्रज्ञ, धर्मोपदेशक यांचा तो क्लब. त्याच्या द्वारमंडपावर सोन्याचा मुलामा दिलेली अथीना देवी उभी आहे. विद्येची देवता दारावर असलेल्या या घरांत मर्त्य स्त्रीला सभासद होण्यासाठीं २००२ साल उजाडावें लागलें! रिफॉर्म क्लबानें (स्थापना १८३६) १९८१ सालीं स्त्रियांना घेतलें. गॅरिक क्लब १८३१ चा. त्याचें दार २०२४ सालीं उघडलें, आणि त्याची हकीकत निराळी सांगण्यासारखी आहे. या तिन्ही क्लबांचा वाङ्मयाशीं जो संबंध आहे, तो केवळ अमुक लेखक अमुक क्लबांत जात असे एवढाच नाहीं. क्लबांत काय बोललें जाई, कोणासमोर बोललें जाई व कोणाच्या माघारीं बोललें जाई, याची छाया पुस्तकांवर पडली आहे.

गॅरिकचें नांव अठराव्या शतकांतील थोर नट डेव्हिड गॅरिक याच्यावरून ठेवलेलें आहे. नटांनीं आणि सुशिक्षित गृहस्थांनीं बरोबरीच्या नात्यानें एकत्र यावें हा त्याचा उद्देश. नटाला समाजांत मान नव्हता अशा काळीं हा उद्देश मोठा उदार म्हटला पाहिजे. पण नट म्हणजे केवळ पुरुष-नट! इंग्लंडच्या रंगभूमीवर स्त्रिया १६६० च्या सुमारासच आल्या होत्या; म्हणजे क्लब निघाला तेव्हां नटीला रंगभूमीवर येऊन पावणेदोनशें वर्षें होत आलीं होतीं. क्लबाच्या भिंतींवर रंगभूमीच्या इतिहासाचीं असंख्य चित्रें टांगलेलीं आहेत, त्यांत नट्याहि आहेत. तसबिरींतील नटीला क्लबांत कायमची जागा आणि जिवंत नटीला कोणा सभासदाच्या पाहुणीची, अशी ही व्यवस्था होती.

१८५८ सालीं याच क्लबांत इंग्रजी वाङ्मयांतील एक प्रसिद्ध भांडण झालें. एडमंड येट्स नांवाच्या तरुण पत्रकारानें थॅकरेविषयीं एक खोडसाळ लेख लिहिला. क्लबांत ऐकलेल्या बोलण्याचा हा दुरुपयोग आहे, अशी तक्रार थॅकरेनें क्लबाच्या कमिटीकडे केली. येट्सला काढून टाकण्यांत आलें. डिकन्सनें येट्सची बाजू घेतली आणि तो क्लबांतून बाहेर पडला. दोन थोर कादंबरीकार पुढें कित्येक वर्षें एकमेकांशीं बोलले नाहींत. १८६३ सालीं थॅकरेच्या मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस त्यांनीं पुन्हां हात मिळविले, तेहि अथीनियम क्लबांत. येथवरची गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासांत सांगितली जाते. परंतु भांडणाच्या मुळाशीं आणखी एक काडी होती. डिकन्सनें आपल्या पत्नीपासून, दहा मुलांच्या आईपासून, त्याच वर्षीं फारकत घेतली होती. गॅरिकमध्यें कुजबूज चालली होती कीं, याचें कारण त्याची मेहुणी. थॅकरेनें ती ऐकली आणि मेहुणी नव्हे, एक नटी आहे, अशी दुरुस्ती केली. डिकन्सच्या बचावासाठींच केली, असें त्याच्या पत्रावरून दिसतें. ती नटी म्हणजे एकोणीस वर्षांची एलेन टर्नन.

या एका वाक्यांत तीन स्त्रियांची अब्रू गुंतलेली आहे: पत्नीची, मेहुणीची आणि नटीची. ती ज्या घरांत बोलली गेली तेथें तिघींपैकीं एकीलाहि 'हें खोटें आहे' किंवा 'हें खरें आहे, मग काय?' असें म्हणण्यास जातां येत नव्हतें. थॅकरेची तक्रार होती कीं, क्लबांतील बोलणें बाहेर गेलें. क्लबांत जें येतें तें कोणाच्या घरांतून येतें, हा प्रश्न कमिटीपुढें कोणीं ठेवला नाहीं. थॅकरेनेंच 'बुक ऑफ स्नॉब्स'मध्यें क्लबांतील आढ्यताखोरांवर प्रकरणेंच्या प्रकरणें खर्च केलीं आहेत. तीं अजूनहि वाचनीय आहेत, पण बाहेर उभ्या असलेल्या माणसाची दृष्टि त्यांत नाहीं. सगळा विनोद आंतल्या खुर्चीवरून आहे.

डिकन्सच्या बाबतींत दैवानें आणखी एक खेळ केला. १८६८ सालीं न्यूयॉर्कच्या पत्रकारांनीं त्याला डेल्मोनिको या उपाहारगृहांत मेजवानी दिली. जेन क्रोली ही तेथील नामांकित लेखिका. तिनें व इतर काहीं पत्रकार स्त्रियांनीं तिकिटें मागितलीं, त्यांना झिडकारण्यांत आलें. त्या रागांतून क्रोलीबाईंनीं 'सोरोसिस' नांवाचा स्त्रियांचा क्लब काढला.

आतां एका फ्रेंच लेखकाकडे वळूं. ज्यूल व्हर्नची 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा' ही कादंबरी (१८७२-७३) आपल्याकडे मुलांचें पुस्तक म्हणून वाचली जाते, आणि त्यामुळें तिच्या रचनेकडे कोणी फारसें पाहत नाहीं. नायक फिलिअस फॉग हा कोण? रिफॉर्म क्लबाचा सभासद. याखेरीज त्याच्याविषयीं कोणाला कांहीं ठाऊक नाहीं. त्याला नातेवाईक नाहींत, मित्र नाहींत. घरापासून क्लबापर्यंत त्याचें उजवें पाऊल डाव्यापुढें ५७५ वेळां आणि डावें उजव्यापुढें ५७६ वेळां पडतें, हें व्हर्ननें मोजून सांगितलें आहे. जेवण क्लबांत, वर्तमानपत्रें क्लबांत, पत्ते क्लबांत. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागते ती पत्त्यांच्या टेबलावर, वीस हजार पौंडांची. म्हणजे सारें जग हें क्लबांतील एका डावाचें पटांगण आहे.

या डावांत मध्येंच एक स्त्री येते. औदा ही मुंबईची. पारशी व्यापाऱ्याची पोरकी मुलगी, मुंबईत इंग्रजी शिकलेली, मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाच्या गळ्यांत बांधलेली आणि त्याच्या चितेवर चढविली जाणारी. पारशी मुलगी हिंदु राजाची राणी होऊन सती कशी जाते, हें आपल्याकडील वाचकानें व्हर्नला विचारूं नये. त्याचें हिंदुस्थान पुस्तकांतून जमविलेलें आहे. फॉगचा नोकर पासपार्तू मेलेल्या राजाचें सोंग घेऊन चितेवरून उठतो आणि तिला घेऊन पळतो. तिच्या नातेवाइकाचा हाँगकाँगमध्यें पत्ता लागत नाहीं, म्हणून ती बरोबरच राहते. कादंबरीच्या पाऊण भागांत तिला फारसें काम नाहीं. ती आभार मानते, काळजी करते, आणि सुंदर दिसते. टीकाकारांनीं तिला शोभेचें पात्र म्हटलें तर त्यांचा दोष नाहीं.

पण शेवटचीं प्रकरणें लक्ष देऊन वाचावीं. फॉग लंडनला पोंचतो, पांच मिनिटांनीं चुकलों अशी त्याची समजूत होते, तो क्लबांत न जातां घरीं जाऊन बसतो. पैज गेली, पैसा गेला. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो औदेची क्षमा मागतो: तुला इकडे आणलें तेव्हां मी श्रीमंत होतों. तेव्हां औदा, ही मुंबईची मुलगी, स्वतः त्याला विचारते कीं, मला पत्नी म्हणून पत्करतोस काय? तिच्या या प्रश्नावर कादंबरीची सारी कळ आहे. विवाह ठरला म्हणून पासपार्तूला पाद्र्याकडे धाडलें जातें. उद्यां सोमवार नसून रविवार आहे, लग्न लागावयाचें नाहीं, हें त्याला पाद्र्याकडे कळतें. आणि पूर्वेकडून गेल्यामुळें एक दिवस पदरांत पडला आहे हा उलगडा होतो. दहा मिनिटें उरलेलीं असतात. फॉग धांवतो आणि मुदत संपतां संपतां क्लबाच्या दिवाणखान्यांत उभा राहतो. औदा गप्प राहिली असती तर तो रविवारचा सोमवार होईपर्यंत घरांतच बसला असता. जहाजें, आगगाड्या, हत्ती आणि हजारों पौंड यांनीं न जिंकलेली पैज एका स्त्रीच्या तोंडून निघालेल्या एका धीट प्रश्नानें जिंकली. आणि विजयाच्या क्षणीं ती कोठें आहे? घरीं. रिफॉर्म क्लबाच्या दारांतून फॉग तिच्याशिवाय आंत शिरतो. पुस्तक निघाल्यापासून ते दार तिच्यासारखीला उघडण्यास शंभरावर वर्षें लागलीं. व्हर्नच्या मनांत ही विसंगति होती असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें क्लब पाहिला तसा घेतला. परंतु कथेची गांठ बांधणारे हात क्लबांतील पांच गृहस्थांचे, आणि सोडविणारे हात क्लबाबाहेरच्या बाईचे, हें पुस्तकांत आहे आणि पुस्तकाचें मोल त्यामुळें वाढतें. लग्नानंतर फॉगनें ५७५ आणि ५७६ पावलांचा नेम पुन्हां धरला कीं काय, हें व्हर्न सांगत नाहीं.

क्लबाच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें कॉनन डॉइलनें सर्वांत चांगलें सांगितलें आहे. 'ग्रीक इंटरप्रिटर' (१८९३) या गोष्टींत शेरलॉक होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट हा डायोजिनिस क्लबाचा सभासद आहे. लाजाळू, एकलकोंड्या, माणूसघाण्या पुरुषांसाठीं हा क्लब काढलेला. आंत बोलण्याची बंदी. तीन वेळां नियम मोडला तर हकालपट्टी. थट्टा आहे, पण तिच्यांत ममता आहे. जगांत अशीं माणसें असतात कीं, ज्यांना उबदार खुर्ची, ताजीं मासिकें आणि कोणाचाहि तगादा नसलेली संध्याकाळ एवढेंच हवें असतें. मित्रांनीं मित्रांना निवडावें, त्यांत सरकारनें पडूं नये, हेंहि खरें. आणि इंग्लंडच्या कायद्यानें एका लिंगाच्या माणसांचे क्लब आजहि बेकायदा ठरविलेले नाहींत. स्त्रियांनींहि आपले क्लब काढलेच. लंडनचा युनिव्हर्सिटी विमेन्स क्लब १८८६ पासूनचा आहे. परंतु डायोजिनिस क्लबाचा बचाव इतर क्लबांना लागू पडत नाहीं, कारण तेथें कोणी बोलतच नाहीं! जेथें न्यायाधीश वकिलाला ओळखूं लागतो, संपादक लेखकाला, नाटककंपनीचा चालक नटाला, तेथें बाहेर राहणाऱ्याचें नुकसान नुसत्या खुर्चीचें नसतें.

हिंदुस्थानांत आल्यावर या क्लबाची तऱ्हा बदलली. फॉर्स्टरच्या 'अ पॅसेज टु इंडिया'मध्यें (१९२४) चंद्रपूरच्या क्लबांत मडमा आहेत. नाहींत ते हिंदी लोक. मशिदींत भेटलेल्या मिसेस मूर डॉक्टर अझीझला म्हणतात कीं, मी सभासद असतें तर तुम्हांला आंत बोलाविलें असतें. तो उत्तर देतो कीं, हिंदी माणसाला पाहुणा म्हणूनहि येतां येत नाहीं. पुढें अझीझवर आरोप आला कीं, हाच क्लब स्त्रियांच्या रक्षणाच्या नांवानें पेटून उठतो. जिच्यासाठीं हा गोंधळ चालला आहे ती अॅडेला काय म्हणते, तें मात्र कोणाला ऐकावयाचें नसतें; आणि तिनें न्यायालयांत आरोप मागें घेतला कीं, तेच लोक तिला टाकतात. स्त्रीला क्लबाच्या आंत घेतलें म्हणजे तिचें म्हणणें आंत आलें असें होत नाहीं, हें फॉर्स्टरनें जितकें स्पष्ट दाखविलें तितकें दुसऱ्या कोणीं दाखविलें नसेल.

गॅरिकची राहिलेली हकीकत सांगावयाची ती व्याकरणासाठीं. २०१५ सालीं स्त्रियांना घ्यावें काय यावर क्लबांत मतें घेतलीं; अनुकूल ५०.५ टक्के पडलीं, पण नियम बदलण्यास दोनतृतीयांश लागत. मग कायदेपंडितांनीं निराळी वाट काढली. क्लबाच्या नियमांत सभासदाला 'तो' म्हटलें आहे. पण इंग्लंडच्या १९२५ च्या मालमत्तेच्या कायद्याचें ६१ वें कलम म्हणतें कीं, दस्तऐवजांतील पुल्लिंगांत स्त्रीलिंगाचा समावेश होतो. तर मग नियम बदलावयाचाच कशाला? ७ मे २०२४ रोजीं सभासदांनीं जवळजवळ ६० टक्के मतांनीं हा अर्थ मान्य केला, आणि त्या वर्षींच्या जुलैंत जूडी डेंच व शॉन फिलिप्स या दोन वृद्ध अभिनेत्री पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. एकशेंत्र्याण्णव वर्षें दाराला कुलूप नव्हतेंच, दार ढकललें नव्हतें इतकेंच, असा याचा अर्थ!

या सर्वनामाचा आपल्याकडील अनुभव कडू आहे. नाशिकला १८६६ सालीं जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ सालींच ऑक्सफर्डची बी. सी. एल. ची परीक्षा दिली होती. पण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदव्या देऊं लागलें १९२० सालीं. इकडे १८९७ च्या कायद्यानें पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो असें सांगून ठेवलें होतें. तरी १९१६ सालीं रेजिना गुहा यांनीं वकिलीसाठीं अर्ज केला तेव्हां कलकत्त्याच्या हायकोर्टानें तो नाकारला. वकिलांच्या कायद्यांतील 'तो' हा पुरुषच ठरला. १९२३ सालीं निराळा कायदा करावा लागला. तेव्हां 'तो' म्हणजे कोण, हें व्याकरणानें ठरत नाहीं. व्याकरण दोन्ही वेळां तेंच होतें.

इंग्रजी कादंबरींतील क्लबांचा विचार करतांना आमच्या मनांत वारंवार येतें तें पुस्तक ज्यांत क्लब जवळजवळ नाहींच. जॉर्ज एलियट ही कोणत्याहि क्लबांत जाऊं शकत नव्हती. रविवारीं दुपारीं लंडनचे विद्वान् तिच्या घरीं येत. तिच्या 'मिडलमार्च'मध्यें (१८७१-७२) क्लबाऐवजीं 'ग्रीन ड्रॅगन' ही खानावळ आहे. बुलस्ट्रोड या धर्मशील सावकाराच्या पूर्वायुष्यांतील लबाडी तिच्या कमानीखालीं एका घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या तोंडून फुटते, आणि पाहतां पाहतां गांवभर होते. ट्रॉलप असता तर त्यानें आपल्याला तेथेंच बसवून ठेवलें असतें, आणि तो भाग बहारीचाहि झाला असता. एलियट तेथून निघते. गांवांतील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट बुलस्ट्रोडच्या बायकोला तेवढी ठाऊक नाहीं. मैत्रिणींकडे ती जाते; त्या कींव करतात, सांगत नाहींत. शेवटीं भावाच्या कचेरींत तिला सर्व कळतें. घरीं येऊन ती खोलीचें दार लावून घेते. मग अंगावरचे दागिने उतरविते, साधा काळा झगा घालते, केसांची मिरविण्याची ठेवण मोडून साधी टोपी डोक्यावर ठेवते, आणि रात्रीं आठाच्या सुमारास खालीं येते. नवरा मान खालीं घालून बसलेला आहे. ती त्याला वर बघण्यास सांगते. काय केलेंत, म्हणून ती विचारीत नाहीं. तोहि सांगत नाहीं. दोघें शेजारीं बसून रडतात. खानावळींत जें बोललें गेलें त्यांतलें एकहि अक्षर या प्रकरणांत पुन्हां येत नाहीं.